कोलंबस, इंडियाना: नदी लांब आहे हो, पण ओढ्याचं काय?

तुमची घराबद्दलची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. मिस्टरांची पुण्याहून कोलंबसला बदली (ओहायोवालं मोठं नाही, इंडियानातलं आपलं छोटं), गावाच्या पूर्वेला घर पसंत पडलंय, बेसमेंट मस्त सजवलेलं, एजंट म्हणतो नदी दोन मैल लांब आहे, झोन एक्स (सरकारी पूर-नकाशातला कमी धोक्याचा भाग) आहे, फ्लड इन्शुरन्स लागत नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "मागच्या अंगणापलीकडे एक छोटासा क्रीक आहे, फार छान वाटतं." अगदी हेच वाक्य मी 2005 साली आईला फोनवर सांगितलं होतं. शब्दसुद्धा तेच.

घर कसं घ्यायचं, इन्स्पेक्शन, क्रेडिट स्कोअर वगैरे इथे सगळ्यांना पाठ आहे, त्यात मी पडत नाही. तुम्ही सहज म्हणून गावाचा इतिहास-भूगोलही विचारलाय ना, तर माझं म्हणणं असं की या गावात भूगोल हाच पहिला प्रश्न आहे, शाळा आणि किचन त्यानंतर. आधीच सांगते, मी इन्शुरन्स एजंट नाही, वकील नाही, जिऑलॉजिस्ट तर मुळीच नाही. बेसमेंट बुडालेली बाई आहे, बस.

तर नदी. गावाच्या पश्चिमेला ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या मिळतात आणि तिथून पुढे नाव होतं ईस्ट फोर्क व्हाइट रिव्हर. म्हणजे आपलं कराडसारखं समजा, संगमाचं गाव, फक्त प्रीतिसंगमासारखा घाट नाही. इंडियानापोलिसमधून जाते तीही व्हाइट रिव्हरच, पण तो वेस्ट फोर्क. नवीन लोक इथे हमखास गोंधळतात आणि टीव्हीवर इंडियानापोलिसच्या नदीची पातळी बघून निश्चिंत झोपतात. दोन्ही फोर्क खूप खाली पीटर्सबर्गजवळ एकत्र येतात, मग वाबॅश, मग ओहायो, मग मिसिसिपी. आपल्याकडे म्हणतात नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. ऋषींचं तुमचं तुम्ही बघा, पण नदीचं मूळ इथे जरूर विचारा, आणि नदीपेक्षा ओढ्याचं.

कारण गावाच्या पूर्वेकडून, होप नावाच्या गावाच्या बाजूने हॉ क्रीक येतो. एरवी घोटाभर पाणी, बदकं, काठाने चालायला रस्ता. वस्तीतून जातो, सतराव्या रस्त्याखालून हॉस्पिटलला जवळजवळ खेटून जातो आणि गावाच्या दक्षिणेला नदीला मिळतो. नकाशावर त्याची रेघ इतकी बारीक असते की घर बघताना लक्षच जात नाही. तुमच्या अंगणापलीकडचा तो "छान" क्रीक बहुतेक हाच, किंवा त्याला मिळणारा एखादा.

हिमयुगात बर्फाचे थर वितळताना त्या पाण्याने आणलेली वाळू आणि खडी या खोऱ्यात पसरली, म्हणून गाव बऱ्यापैकी सपाट आहे. गावाला पिण्याचं पाणी याच वाळूतल्या विहिरींतून मिळतं. पश्चिमेला थोडं गेलात की ब्राउन काउंटीचे डोंगर लागतात, पण उत्तरेला नुसती मका-सोयाबीनची शेतं, आणि शेतांखालून निचऱ्याचे पाइप घातलेले. म्हणजे पाऊस पडला की पाणी शेतात फार थांबत नाही, ओढ्यात येतं. हे सगळं मला नंतर कळलं. वरातीमागून घोडं.

आता 7 जून 2008. शनिवार होता. आधीचे काही आठवडे पाऊस चालूच होता, जमीन पाणी पिऊन टम्म, आणि त्यावर शुक्रवार-शनिवारी दक्षिण इंडियानात काही ठिकाणी 10 इंचांपर्यंत पाऊस. मी पोहे करत होते. बेसमेंटमधून आवाज आला, बाटली रिकामी करताना येतो ना तसा, गुडगुड गुडगुड. खाली गेले तर फर्नेसशेजारच्या जमिनीतल्या जाळीतून काळपट पाणी वर येतंय. नवऱ्याला हाक मारली, दोघांनी टॉवेल टाकले, बादल्या भरल्या, हसतसुद्धा होतो. तासाभराने लाइट गेली, संप पंप (बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा) बंद. मग खिडकीच्या खाचेत पाणी दिसलं, काचेच्या पलीकडे मत्स्यालयासारखं, गवताची काडी फिरतेय त्यात. आणि काच फुटली.

सासरे पुण्याहून फोनवर. त्यांनी 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर पाहिलेला. घाबरू नका वगैरे काही म्हणाले नाहीत, पहिला प्रश्न, "किती पायऱ्या राहिल्यात?" तेरांपैकी चार. मग दर अर्ध्या तासाने तोच प्रश्न. शेवटी तीनवर थांबलं.

त्या दिवशी हॉस्पिटलचं बेसमेंटही भरलं. लॅब, फार्मसी, विजेची यंत्रणा सगळं खालीच होतं. 157 पेशंट हलवावे लागले आणि हॉस्पिटल परत नीट सुरू व्हायला ऑक्टोबर संपत आला. पुढे त्यांनी भोवती पूरभिंत बांधली. सांगायचा मुद्दा, एवढ्या मोठ्या संस्थेचा अंदाज चुकला तिथे तुमच्या एजंटच्या "काही होत नाही"ची किंमत काय ते तुम्हीच ठरवा.

आता माझी चूक, ज्यासाठी हे सगळं टायपत बसलेय. घर घेताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "नदी किती लांब आहे?" आणि प्रत्येकाने खरं उत्तर दिलं, लांब आहे. लोनच्या कागदांत फ्लडचं एक पान होतं, त्यावर एका चौकटीत "नाही" अशी खूण. मी ते "इथे पूर येत नाही" असं वाचलं. त्याचा खरा अर्थ एवढाच की सरकारी नकाशाप्रमाणे घर सक्तीच्या भागात बसत नाही, म्हणून बँक तुमच्यावर इन्शुरन्स लादणार नाही. लागत नाही आणि गरज नाही यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या एजंटने हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत, मुद्दाम म्हणत नाही मी, पण वापरलेत.

सक्तीचा भाग म्हणजे जिथे दर वर्षी पूर येण्याची किमान 1 टक्का शक्यता. 1 टक्का ऐकून आपण हसतो, पण 30 वर्षांच्या लोनवर ती साधारण 26 टक्के होते. एक्स झोन म्हणजे त्याहून कमी, शून्य नव्हे. त्यातही नकाशात एक्सचे दोन प्रकार असतात, रंगवलेला आणि कोरा. रंगवलेला असेल तर 500 वर्षांच्या पुराच्या (म्हणजे दर वर्षी 0.2 टक्के शक्यता) रेषेत आहात. एजंट "एक्स" एवढंच सांगून थांबला असेल तर कुठला एक्स ते विचारा.

मग इन्शुरन्सवाल्यांचं ऑफिस, नाव नाही घेत, पण रक्त अजून उकळतं. साध्या घराच्या पॉलिसीत पूर येत नाही हे आम्हाला अंधुक माहीत होतं, पण वर थोडे पैसे भरून ड्रेनमधून उलटं येणाऱ्या पाण्याचं कव्हर घेतलं होतं. वाटलं, निदान ते तरी. तर त्यांचा प्रश्न: पाणी खालून आलं की वरून? मी म्हटलं आधी खालून, मग वरून. बाई म्हणाल्या, दोन्ही एकत्र झालं की तो पूर, आणि पूर पॉलिसीत नाही. म्हटलं अहो पहिला तास फक्त खालून होतं! पुरावा? पुरावा आम्ही टॉवेलने पुसून टाकला होता ना. फोटो होते ते सगळे खिडकी फुटल्यानंतरचे. चार वेळा फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून कथा, पोह्यांपासून. तीन महिन्यांनी एका परिच्छेदाचं पत्र आलं, त्यात आमचं आडनावसुद्धा चुकीचं होतं. फर्नेस, वॉटर हीटर, वॉशर-ड्रायर, भिंतींची सगळी ड्रायवॉल, नवऱ्याची तबल्याची जोडी, आणि लग्नाचे अल्बम जे मीच "खाली थंड असतं, नीट राहतील" म्हणून ठेवले होते. फेमाची (आपत्तीत मदत करणारी सरकारी संस्था) थोडी मदत मिळाली, बाकीचं कर्ज काढलं आणि पुढची सहा-सात वर्षं फेडत बसलो. असो.

म्हणून पहिलं काम, फेडरल फ्लड पॉलिसीचा कोट घ्या, नको असली तरी घ्या, एक्समध्ये बऱ्याचदा वाटतं त्यापेक्षा कमी निघतो. घरासाठी कमाल 2,50,000 डॉलर, सामानासाठी 1,00,000. एरवी पॉलिसी लागू व्हायला 30 दिवसांची वाट असते, म्हणजे ढग दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. लोन घेतानाच त्यासाठी काढली तर ती वाट साधारण लागत नाही, तेव्हा क्लोजिंगच्या (घराच्या अंतिम व्यवहाराच्या) आधीच विचारा. आणि बेसमेंटबाबत ही पॉलिसीही हात आखडता घेते, फर्नेस-हीटर बसतात, पण तुमचं ते सजवलेलं होम थिएटर, कार्पेट, सोफा, नाही. नियम बदलत असतात, माझ्या शब्दावर जाऊ नका, कागद वाचा.

दुसरं, घर बघायला परत जाल तेव्हा किचन नका बघू, बेसमेंटमध्ये फर्नेस आणि इलेक्ट्रिक पॅनलवरचं स्टिकर बघा. तारीख 2008 च्या उन्हाळ्याची निघाली तर काय समजायचं ते समजा. आता बरेच फर्नेस परत बदलले गेले असतील म्हणून ही खूण शंभर टक्के नाही, मग पॅनल बघा, ते लोक सहसा बदलत नाहीत. आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "दोन हजार आठला पाणी कुठवर होतं?" एजंटला नाही, शेजाऱ्याला. इथे प्रत्येकाला आपापली रेघ पाठ आहे. आमची मी फर्नेसच्या खोलीत पेन्सिलने काढून ठेवलीय.

बाकी गाव मात्र लाखात एक, उगाच घाबरवून पळवून लावायचं नाहीये. 1821 साली वसलं, आधी नाव होतं टिप्टोना, जनरल जॉन टिप्टनवरून, पण थोड्याच दिवसांत ते बदलून कोलंबस केलं. इथले लोक सांगतात की टिप्टनसाहेब इतके रुसले की पुढे रस्त्याचं काम हातात आल्यावर त्यांनी रस्ता गावाला वळसा घालून नेला. खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट मला आवडते, अगदी आपल्या जिल्हा परिषदेतली वाटते. हे काही नदीतल्या बोटींवर मोठं झालेलं गाव नाही, ते वाढलं 1844 ला मॅडिसनकडून रेल्वे आल्यावर. मग 1919 ला कमिन्स, डिझेल इंजिनांची कंपनी. क्लेसी कमिन्स हा इथल्या अर्विन नावाच्या बँकरचा ड्रायव्हर-मेकॅनिक, आणि त्याच बँकरने पैसे घातले. 1931 ला यांची डिझेल गाडी इंडियानापोलिसची 500 मैलांची रेस एकदाही न थांबता धावली. 1962 पासून कंपनीचं पुण्यातल्या कोथरूडशी नातं जुळलं, म्हणून तर आपण सगळे इथे. दुकानात मागून "अगं, कोथिंबीर घेतलीस का" ऐकू आलं तर दचकू नका.

आणि इमारती! 50 हजारांच्या किंचित वर वस्ती, पण आर्किटेक्ट एलिएल सारिनेनचं 1942 चं चर्च, मुलगा ईरोचं 1964 चं, आय. एम. पे यांची लायब्ररी, तिच्यासमोर शिल्पकार हेन्री मूरची कमान. जे. अर्विन मिलर कमिन्सचे प्रमुख असताना कंपनीच्या फाउंडेशनने म्हटलं, सार्वजनिक इमारत बांधा, आर्किटेक्ट आमच्या यादीतला घ्या, त्याची फी आम्ही देतो. मिलर यांचं घरही बघता येतं, पण बुकिंग आधी करा. झाहाराकोसमध्ये आइस्क्रीम खा, 1900 पासूनचं दुकान आहे.

माझी आवडती जागा मात्र मिल रेस पार्क, संगमालाच. पूर्वी तिथे कातडी कमावण्याचा कारखाना आणि पडकी वस्ती होती, लोक त्या भागाला डेथ व्हॅली म्हणायचे. आजचं पार्क 1992 ला झालं आणि करणाऱ्यांनी गृहीतच धरलं की इथे पाणी येणार. येतं, रस्ते बुडतात, काही दिवसांनी चिखल धुऊन लोक परत फिरायला. पहिल्याच आठवड्यात, उघडा असेल तर, तिथल्या टॉवरवर चढा, गाव कसं बसलंय ते दिसेल. नंतर गाडी काढून सतराव्या रस्त्याच्या पुलावर जा आणि खाली हॉ क्रीक बघा, इतकुसा आहे. 25 सप्टेंबर 2019 ला पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते तुम्ही तिथेच असाल तर पाहिलं असेलच, तोही असाच, इतकुसा.

घराचा रस्ता कुठला ते मला मेसेज करा, नंबर नको, नुसता रस्ता. शनिवारी चालायला जाते तेव्हा बघून सांगते, आणि पटलं नाही तरी राग नसावा. घर घेतलंतच तर बेसमेंटमधला फ्रीझर विटांवर ठेवा. आमचा अजून आहे, तीन थर.