नव्या प्लास्टरचा तलाव आणि चढणारा पीएच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव सुमारे दीड लाख लिटरचा आहे. टाइल्स वारंवार निखळत असल्यामुळे या वेळी त्या काढून पांढरे सिमेंट आणि संगमरवराचा चुरा यांचे प्लास्टर करून घेतले. महापालिकेच्या पाण्याने तलाव भरून आठवडा झाला. तेव्हापासून पीएच रोज ८.२ दाखवतो, ठेकेदाराचा माणूस आम्ल ओतून तो खाली आणतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेथेच असतो. तळाशी पांढरी भुकटी साठते. देखभाल करणारा मुलगा तुरटी टाकायला सांगतो. प्लास्टरच खराब झाले आहे का?
— एका गृहनिर्माण सोसायटीचे सचिव, मुलुंड

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून प्लास्टर खराब झाले आहे असे म्हणता येत नाही, मात्र सध्याचे उपचार असेच चालू राहिले तर ते खराब होऊ शकेल. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होत असताना त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. ही क्रिया तलाव भरल्यानंतरही चालू राहते आणि तिचा मुख्य भाग साधारण २८ दिवसांत होतो. चुना पृष्ठभागातून पाण्यात उतरला की पीएच चढतो, आणि पाण्यातील बायकार्बोनेटशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी खाली बसते. तळाशी दिसते ती हीच.

चुना किती उतरेल हे बरेचसे पाण्यावर ठरते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांतून येणारे पाणी पावसाचे साठवलेले पाणी आहे. ते पिण्यास उत्तम, परंतु मृदू. त्यातील कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल पडले तरी पीएच सावरून धरण्याची पाण्याची क्षमता) या दोन्ही गोष्टी तलावाला लागतात त्याहून बऱ्याच कमी असतात. असे पाणी चुन्याला भुकेलेले असते आणि बाहेरून मिळाला नाही तर भिंतीतून घेते. ही भूक मोजण्याचे गणित कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये पाणीपुरवठ्याच्या नळांसाठी मांडले. तलावांसाठी आजही तेच वापरतात. त्यातून येणारा आकडा म्हणजे लँगेलियर निर्देशांक. तो शून्याच्या आसपास असला तर पाणी समाधानी, बराच खाली गेला तर ते प्लास्टर खाते, बराच वर गेला तर क्षारांचा थर साठतो. उदाहरणार्थ, कॅल्शियमचा जडपणा ४० आणि अल्कलिनिटी ४० मिलिग्रॅम प्रतिलिटर असलेल्या पाण्याचा पीएच २९ अंश सेल्सियसला ७.५ वर आणून ठेवला, तर निर्देशांक उणे १.१ येतो. पीएच अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, आणि तरीही पाणी भिंत पोखरणारे. म्हणून आपल्या माणसाची रोजची मेहनत उलट्या दिशेने चालली आहे असे मला वाटते : प्रत्येक वेळी आम्ल टाकले की उरलीसुरली अल्कलिनिटी आणखी घटते आणि पाणी आणखी चुना ओढते.

आणखी एक शंका. आपला संच फिनॉल रेड थेंबांचा असेल तर त्याचा शेवटचा रंग बहुधा ८.२ चाच असतो. प्रत्यक्ष पीएच ९ किंवा त्याहून अधिक असला तरी रंग तोच दिसतो. ज्या संचाने अल्कलिनिटी आणि कॅल्शियमही मोजता येते असा, थेंब मोजण्याच्या पद्धतीचा संच आधी घ्यावा. त्याचा खर्च आजवर ओतलेल्या आम्लापेक्षा फार होणार नाही.

त्यानंतर क्रम सांभाळावा. पहिल्यांदा अल्कलिनिटी ८० पर्यंत आणावी. एक लाख लिटर पाण्यात १० मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढवायला सुमारे १ किलो ७०० ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा, लागतो. आपल्या तलावात ती ४० असेल तर हिशेब सुमारे १० किलोंचा होतो. धुण्याचा सोडा वापरू नये, कारण त्याने पीएच आणखी चढतो. पंप एक दिवस अखंड चालू ठेवावा आणि मग पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणावा. हायड्रोक्लोरिक आम्ल एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त टाकू नये. ते बादलीभर पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, आणि क्लोरीनच्या कोणत्याही रसायनाजवळ ते नेऊ नये, कारण त्या दोहोंतून विषारी वायू निघतो. म्हणजे आम्ल पूर्णपणे बंद होणार नाही. चुना उतरत राहील तोवर ते थोडेथोडे लागेलच. मात्र आता ते मोजून आणि अल्कलिनिटीवर नजर ठेवून पडेल.

कॅल्शियम सर्वांत शेवटी. पीएच चढलेला असताना कॅल्शियम क्लोराइड टाकले तर सगळे पाणी दुधाळ होते, म्हणून पीएच उतरून एक-दोन दिवस स्थिर राहिल्यावरच हे काम करावे. जडपणा किमान १५० हवा. ४० वरून तेथवर जाण्यासाठी आपल्याला ७७ टक्के कॅल्शियम क्लोराइड असलेल्या फ्लेक्सचे (पापुद्र्यांचे) सुमारे २४ किलो लागतील. ९४ टक्क्यांचा दाणा मिळाला तर १९ ते २० किलो. ते दोन-तीन दिवसांत विभागून, आधी बादलीत विरघळवून टाकावेत. विरघळताना बादली चांगलीच तापते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा आवश्यक. असे केल्यावर, पीएच ७.६ असताना, वरचेच गणित उणे ०.१ वर येते.

भुकटीसाठी रसायन नाही. किमान पहिले १४ दिवस दिवसातून दोनदा मऊ नायलॉनच्या ब्रशने भिंती आणि तळ घासणे, पंप अखंड चालवणे आणि फिल्टरवरील दाब धुतल्यानंतरच्या दाबापेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश करणे (पाणी उलट दिशेने सोडून फिल्टर धुणे), एवढेच. तुरटी मात्र टाकू देऊ नये. गढूळ पाणी रातोरात निवळण्यासाठी ती मुंबईत सर्रास वापरली जाते, पण १ मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. आपल्या तलावात ५ किलो तुरटी टाकली तर १६ ते १७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी एका रात्रीत जाईल, आणि आज तेवढी गमावणे आपल्याला परवडणारे नाही.

पाणी संतुलित झाल्यावरही महिन्याभराने हात फिरवून भिंत खरखरीत लागली किंवा तिच्यावर डाग दिसले, तर ठेकेदाराला विचारावे की प्लास्टर लवकर घट्ट व्हावे म्हणून त्यात किती कॅल्शियम क्लोराइड मिसळले होते. सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक असणे योग्य नाही. आम्लाने भिंती धुऊन देण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा.

प्रश्न : आमच्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेतच येते. नव्या प्लास्टरचा तलाव दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने भरला तर चालेल का? की टँकर मागवावेत?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : टप्प्याटप्प्याने भरू नये. पाणी जेथे थांबते तेथे प्लास्टरवर आडवी रेघ उमटते आणि ती बहुतेक वेळा कायमची राहते. शिवाय वरचा उघडा भाग उन्हात वाळून बारीक तडे जाऊ शकतात. दहा हजार लिटरचे टँकर एकामागोमाग लावावे लागतील, तेव्हा प्लास्टरचा दिवसच टँकरवाल्याशी बोलून ठरवावा. टँकरचे पाणी बहुधा विहिरीचे किंवा बोअरचे असते, म्हणजे मुलुंडच्या वाचकांच्या अगदी उलट स्थिती : जडपणा आधीच ३०० असेल तर कॅल्शियम टाकायचेच नाही. लोह मात्र पहिल्या टँकरमध्येच तपासून घ्यावे. पांढऱ्या प्लास्टरवर त्याचे तांबूस डाग पडतात, आणि ते काढण्याचे उपाय कोवळ्या प्लास्टरला सोसत नाहीत. पाइपच्या तोंडाला जाड फडके बांधून ते सर्वांत खोल जागी ठेवावे, म्हणजे धारेने प्लास्टर खरवडले जाणार नाही.

प्रश्न : क्लोरीन कधीपासून टाकावे आणि मुलांना पाण्यात कधी सोडावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिले ४८ तास क्लोरीन टाकू नये. त्यानंतर द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट पाण्यात पातळ करून द्यावे आणि प्रमाण १ ते ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर ठेवावे. साध्या ब्लीचिंग पावडरमधील न विरघळणारा चुना तळाशी बसून भुकटीत भर घालतो, म्हणून ती टाळावी. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या आम्लधर्मी असतात. गोळी पायरीवर किंवा तळाशी पडून राहिली तर तेवढ्या जागेचे प्लास्टर झिजते. मिठावर चालणारे क्लोरीन यंत्र असेल तर २८ दिवस मीठ टाकू नये. चाकांचा स्वयंचलित क्लीनरही तोवर बाहेरच ठेवावा. पोहण्यासाठी मात्र २८ दिवस थांबण्याची गरज नाही : भुकटी उठणे थांबले, तळ स्वच्छ दिसू लागला, पीएच ७.२ ते ७.८ च्या आत दोन-तीन दिवस टिकला आणि क्लोरीनही वरील प्रमाणात राहिले, की मुलांना सोडायला हरकत नाही. जूनमध्ये काम झाले असेल तर प्रत्येक जोरदार सरीनंतर अल्कलिनिटी आणि कॅल्शियम पुन्हा मोजावे, कारण पावसाचे पाणी दोन्ही पातळ करते आणि ओसंडून वाहणाऱ्या पाण्याबरोबर टाकलेले रसायनही गटारात जाते.