देव्हाऱ्यातले २१ हजार

प्रश्न : मी ५६ वर्षांचा, यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. बारा वर्षांपासून माळकरी. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाधर्माला काढतो. यंदा सप्ताहाच्या अन्नदानासाठी २१ हजार देव्हाऱ्यात वेगळे ठेवलेत. पत्नीचा विरोध आहे. ती संसारात गुंतलेली, अध्यात्म तिला कळत नाही. घरात २२ क्विंटल कापूस पडून आहे, भाव नाही म्हणून थांबलो. वेचणीचेही द्यायचे आहेत, पण बाया घरच्याच आहेत, थांबतात. आम्ही गाडगेबाबांना मानणारे. दशांश एकूण उत्पन्नावर काढावा की खर्च वजा जाता? आणि पत्नीची समजूत कशी घालू?

उत्तर : भाऊ, तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. दशांशावर दीड पान, पत्नीवर एक. वेचणीच्या पैशाला एक ओळ. मी त्या ओळीपाशीच अडले.

बाया घरच्या म्हणजे कशा? तुमच्या सातबाऱ्यावर त्यांची नावं आहेत का?

दर तुम्ही लिहिला नाही. किलोला दहा रुपये धरते. २२ क्विंटलचे २,२०० किलो, म्हणजे २२ हजार झाले. देव्हाऱ्यात किती आहेत? ते तुमचे नाहीतच, भाऊ. दुसऱ्याच्या पैशाचा दशांश एकूणावर काढा नाही तर खर्च वजा जाता काढा, मला काय विचारता?

भावासाठी थांबू नका असं मी म्हणणार नाही. २०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला, तेव्हापासून आपल्याकडे घरातली एक खोली कापसाची असतेच. अंगाला खाज सुटली तरी माणूस त्या खोलीला कुलूप लावून बसतो. बसा. पण आज तुम्ही बसलात ते त्या बायांच्या पैशावर, आणि तेही बिनव्याजी. क्विंटलमागे पाचशे जास्त मिळाले तर त्यांना त्यातलं काही देणार आहात? भाव पडला तर मात्र ‘यंदा काही उरलंच नाही वं बाई’ हे त्यांनीच ऐकायचं.

आमचं दोन एकर होतं, त्यामुळे आई लोकांच्या वावरातही वेचायला जायची. ओटी बांधून दिवसभर वाकायचं. बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या. रात्री तवा उतरवताना तिला नुसती चिमटीही नीट धरता यायची नाही. संध्याकाळी कडुनिंबाला काटा टांगून मालक एकेकीचं गाठोडं तोलायचा, वहीत किलो लिहायचा. वही पक्की होती. एका साली पैसे हातात पडले ते पाडव्यानंतर. त्या मालकाकडे दर एकादशीला भजन असायचं, टाळांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. आई त्या रात्री दार लावून घ्यायची.

आता तुमच्या पत्नीचं. पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीपाशी दहीभात ठेवून सीतादही केली असेलच. कोणी केली? बायांना दारोदारी जाऊन ‘उद्या या वं वेचायला’ असं सांगून कोण आलं? आपल्याकडे मालक जात नाही, मालकीण जाते. म्हणजे शब्द तिचा गेलाय. तुम्ही हरिपाठाला बसता तेव्हा ती हापशीवर त्याच बायांसमोर पाण्याचा गुंड भरत उभी असते. तिचा विरोध अन्नदानालाच आहे, हे तुम्ही तिला विचारून लिहिलंत का? पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही. समजूत तिची घालायची नाहीये.

गाडगेबाबांचं नाव घेतलंत म्हणून सांगते. लहानपणी ते ज्या मामाकडे वाढले, त्या मामाची शेती सावकारानं गिळली. पैशासाठी गरिबाला ताटकळत ठेवणं म्हणजे काय, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. पुढे गावात गेले की आधी झाडू हातात घ्यायचे, मग कुणाकडे भाकर. तुमच्या वावरात काम केव्हाच झालंय, भाकर तेवढी राहिलीय.

उद्या सकाळी पूजा आटोपली की देव्हाऱ्यातले पैसे काढा, वही घ्या आणि दोघं मिळून निघा. बायांना घरी बोलावू नका, त्यांचे हेलपाटे पुष्कळ झाले असतील. पैसे पत्नीच्या हातून जाऊ द्या. हजारभर कमी पडले तर पंधरा-वीस किलो कापूस खेडा खरेदीवाल्याला घाला, तेवढ्यानं तुमचा भाव बुडत नाही. आणि उशीर झाला हे तुम्ही स्वतः म्हणा, पत्नीला म्हणायला लावू नका.

सप्ताहाला रिकाम्या हातानं जा. पंगतीत वाढायला माणसं लागतात, वांगी चिरायला त्याहून जास्त लागतात.

दशांशाचं उत्तर मी देईन. वहीतल्या सगळ्या नावांपुढे काट मारून झाली की पत्र टाका.