खेड नेमकं कुठलं, पुण्याचं की कोकणातलं?

लग्नपत्रिकेवर नुसतं ‘खेड’ लिहिलंय, ते पुण्याजवळचं की कोकणातलं, आणि एकच नाव दोन तालुक्यांना कसं, असं तुम्ही विचारलंय.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड आणि सासर चाकण, म्हणजे पुणे जिल्ह्याचा खेड तालुका. लग्नानंतर एका अर्जात ‘पूर्वीचा तालुका: खेड, सध्याचा तालुका: खेड’ असं लिहिलं, तर टेबलामागच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो, मग बदललं काय?" मी जिल्ह्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

खेड म्हणजे खेडं, लहान गाव. संस्कृतातल्या ‘खेट’ शब्दापासून आलेलं. त्यामुळे हे नाव कुणी कुणाचं उचललेलं नाही, गावाला गाव म्हटलं इतकंच. जिजाऊंचं सिंदखेड राजा, धुळ्याकडचं सिंदखेडा, गुजरातेतला खेडा जिल्हा, सगळीकडे हाच शब्द आहे. पुणे-सातारा रस्त्यावर टोलनाक्यामुळे सगळ्यांना माहीत झालेलं खेड-शिवापूर हे आणखी तिसरंच.

पुणे जिल्ह्यातलं खेड भीमेच्या काठी, नाशिक रस्त्यावर. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म तिथला, 1908 सालचा. म्हणून गावाचं नाव राजगुरुनगर झालं, पण तालुका खेडच राहिला. खरा गोंधळ इथे होतो. पत्त्यात ‘मु. पो. राजगुरुनगर, ता. खेड, जि. पुणे’ असं लिहितात. आळंदी आणि चाकणही याच तालुक्यात, म्हणून विधानसभेच्या मतदारसंघाचं नाव ‘खेड आळंदी’. आमच्याकडे वयस्कर माणसं अजूनही "खेडला जाऊन येतो" असंच म्हणतात. तसं म्हणताना त्यांना हुतात्म्यांचा अनादर करायचा नसतो. तोंडात बसलेलं नाव आहे ते. पण लिहिताना मात्र राजगुरुनगरच लिहावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या माहेरचं खेड जगबुडी नदीच्या काठी. मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने निघालात की पोलादपूर, मग कशेडी घाट आणि पुढे भरणे नाका. पावसाळ्यात जगबुडी चढली की बाजारपेठेतले दुकानदार रात्री जागून माल वरच्या फळ्यांवर चढवतात. लहानपणी वडिलांबरोबर मीही तांदळाची पोती मोजत उभी राहिले आहे.

आता तुमच्या पत्रिकेचं. पिनकोड बघा: 415709 असेल तर कोकण, 410505 असेल तर राजगुरुनगर. पिन नसेल तर कार्यालयाचा पत्ता वाचा. भरणे नाका किंवा रेल्वे स्टेशनचा उल्लेख असेल तर रत्नागिरीचंच खेड, कारण स्टेशन कोकण रेल्वेवर आहे, राजगुरुनगरला रेल्वे नाही. पुण्याहून निघणार असाल तर आधी हे पक्कं करा. राजगुरुनगर तासा-दीड तासाचं, आमच्या खेडला घाट उतरून जायला निम्मा दिवस जातो, आणि मुहूर्त चुकेल.