आधी व्होल्ट मोजा, मग बल्ब घ्या

प्रश्न : आमची मारुती ८०० ही १९९९ची. वडिलांनी घेतली, आता मी चालवतो. पासिंग नुकतंच पाच वर्षांसाठी वाढवून आणलं. दर शनिवारी काम आटोपून रात्री साडेनवाला हडपसरहून सासवडला निघतो. दिवे घाटात समोरून गाडी आली की माझ्या पुढ्यात नुसता पिवळट डाग उरतो, रस्त्याची कड दिसत नाही. बल्ब दोनदा बदलले. एका गॅरेजवाल्याने साडेतीन हजारांचे एलईडी सुचवले, मेहुणा म्हणतो शंभर-नव्वद वॉटचे हॅलोजन टाक. काय करू?
— एक वाचक, सासवड

उत्तर : दिवे घाटाचं नाव दिवे गावावरून पडलं, दिव्यांवरून नव्हे. तरी 'दिवे घाटात दिवे नाहीत' हा विनोद माझ्या गाळ्यावर दर पावसाळ्यात कोणी ना कोणी करतंच. तुमच्या पत्रात तो नाही, म्हणून तुमचा नंबर पहिला लावला.

एलईडी नको आणि शंभर-नव्वदही नको. निदान आज तरी नको. बल्ब दोनदा बदलूनही फरक पडला नाही म्हणता, म्हणजे रोग बल्बात नाही. तो वायरीत असणार.

गाडी चालू करा, डिप्पर (जवळचा, खाली पडणारा उजेड; लांबचा तो अप्पर) लावा. कुणाकडून तरी साधा मल्टीमीटर आणा. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा, चौदाच्या आसपास यायला हवेत. मग बोनेटखालून हेडलाइटच्या मागचं रबर काढा. होल्डर बल्बला लागलेलाच राहू द्या आणि मीटरच्या टोच्या मागून डिप्परच्या पिनेला व कॉमन (अप्पर-डिप्पर दोघांना सामाईक) पिनेला लावा. गेल्या महिन्यात तुमच्यासारखीच एक ८०० आली होती. बॅटरीवर १४.०, बल्बवर ११.६. जवळपास अडीच व्होल्ट वाटेत गायब. तुम्ही म्हणाल, अडीच व्होल्टनी काय होतंय? हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्ट दहा टक्के उतरले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्या गाडीत उजेड निम्म्यावर आला होता. नवा बल्ब घाला, महाग बल्ब घाला, त्याला जेवढं वाढाल तेवढंच तो खाणार.

हे व्होल्ट जातात कुठे? बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही दिव्यांचा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डाखाली येतो, स्विचमधून फिरतो आणि परत पुढे जातो. पंचावन्न वॉटचे दोन बल्ब म्हणजे नऊ अँपिअर. पंचवीस वर्षं जुनी बारीक वायर, झिजलेले स्विचचे पॉइंट, सैल होल्डर, प्रत्येक जण थोडं थोडं खातो. होल्डर बाहेर काढून नाकाशी धरा. एखादी पिन तपकिरी झाली असेल आणि भाजलेल्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर एक चोर तिथेच सापडला. दुसरा अर्थिंगमध्ये बसतो. बॉडीला स्क्रूने लावलेलं थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) असतं, त्याखाली हिरवट पूड साचते. स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, नवं थिंबल प्रेस करून घट्ट बसवा, वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. एका गिऱ्हाइकाचं काम एवढ्यावरच झालं होतं. पैसे घ्यायला मला संकोच वाटला. (घेतले. अर्धा तास गेला होता.)

एवढ्याने भागलं नाही तर रिले, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन रिले घ्यायचे, एक अप्परचा, एक डिप्परचा. पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. ३०ला बॅटरीवरून थेट अडीच एमएमची वायर, ८७वरून बल्बला, आणि जुन्या हेडलाइटच्या वायरीने ८५-८६ची कॉइल चालवायची. कॉइल पाव अँपिअरही खात नाही, त्यामुळे स्विचचं आयुष्य वाढतं ते वेगळंच. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. आणि माझा एक हट्ट ऐका : डाव्या-उजव्या दिव्याचे फ्यूज वेगवेगळे ठेवा. दोघांना मिळून एकच ठेवला आणि घाटात तो उडाला, तर दोन्ही डोळे एकदम मिटतात.

इथे एक मेख आहे. काही जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये बल्बच्या कॉमन पिनेला कायम प्लस असतो आणि स्विच निगेटिव्ह तोडतो. तुमच्या गाडीत काय आहे, आणि पंचवीस वर्षांत कोणाकोणाचा हात त्यात फिरलाय, ते मीटर लावूनच पक्कं करा. तयार हार्नेसचा (जोडलेल्या वायरींच्या जुडग्याचा) किट आणून 'प्लग आहे, बसला' म्हणून लावाल तर डॅशबोर्डावरची अप्परची निळी खूण भलत्या वेळी पेटेल. तयार किट घेताना त्याची वायर टोकाला सोलून बघा. मी एकदा एका दुकानातून आणला होता. बाहेरून जाडजूड, सोलल्यावर आत केसासारख्या सात-आठ तारा. प्लास्टिकच जाड होतं.

त्या ८००ला हे सगळं केल्यावर बल्बवर साडेतेरा आले. बल्ब तोच जुना. मालक संध्याकाळी घ्यायला आला, समोरच्या शटरवर उजेड पाडून बघितला आणि 'नवे टाकले का?' म्हणाला.

आता मेहुण्यांचं शंभर-नव्वद. हा प्रयोग मी स्वतः करून हात पोळून घेतलाय. १९९४ साली एका पद्मिनी गाडीत रिले न लावता ते बल्ब टाकले, गिऱ्हाइकाची घाई होती म्हणून. अप्पर शंभर वॉटचा, डिप्पर नव्वदचा; नव्वदचे दोन म्हणजे डिप्परवरच पंधरा अँपिअर, त्याच नऊ अँपिअरच्या वायरीतून. मंडळी वाईला लग्नाला निघाली होती. खंबाटकीत स्विचमधून धूर आला आणि दोन्ही दिवे गेले. एका एसटीच्या मागच्या लाल दिव्याच्या आधाराने ते खाली उतरले. दुसऱ्या दिवशी वाईहून फोन आला, त्यातले शब्द या मासिकात छापता येणार नाहीत. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत जातं ते निराळं, आणि गाडीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात अडकतो ते आणखी निराळं. पुढच्या पासिंगला दिवे तपासणार आहेतच.

एलईडीचं म्हणाल तर एच-फोर, म्हणजे तुमच्या दिव्यातला हॅलोजन बल्ब, हातात घेऊन नीट बघा. पण काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून काच जाते. आत दोन फिलामेंट दिसतील. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. सगळी करामत त्या वाटीची आणि फिलामेंट नेमकं त्या जागी असण्याची. एलईडीच्या दांडीवरचे चिप त्या जागी तंतोतंत बसले नाहीत तर उजेड वर फाकतो. तुम्हाला झाडांचे शेंडे लख्ख दिसतात, वाटतं काय प्रकाश पडलाय! समोरून येणारा मात्र मस्तानी तलावाच्या वरच्या वळणावर डोळ्यांवर हात धरून गाडी चालवतो. तुम्हाला आज जो त्रास होतोय, तो देणाऱ्यांतले निम्मे हेच.

काच की प्लास्टिक, ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर पाण्यातल्या पॉलिश पेपरने, आठशेपासून दोन हजारापर्यंत चढत जाऊन, घासून निघतं. पण वरून क्लिअर कोट मारला नाही तर उन्हाने काही महिन्यांत पुन्हा पिवळं. टूथपेस्ट दात घासायला ठेवा. रिफ्लेक्टर आरशासारखा हवा. राखेसारखा दिसत असेल तर दिवाच बदला, फडक्याने पुसू नका. तो ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, पुसलात की फडक्यावर येतो.

शेवटी सेटिंग, जे शंभरात पाच जण करत असतील. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, जमीन सपाट. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटं, खाली यायला हवी, आणि डाव्या बाजूला ती थोडी वर चढायला हवी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी रेघ तीन वर्षं आहे. सेक्रेटरींनी 'भिंतीवर लिहू नये' असं भिंतीवरच लिहिलंय, रेघेच्या बरोबर वर.

हे सगळं करून बल्ब घ्यायचाच असेल तर साधा पांढऱ्या काचेचा साठ-पंचावन्न वॉटचा, दोन्ही बाजूंना एकदम. निळी काच दिसायला झकास, पण निळा रंग उजेड गाळतो. पैसे देऊन उजेड कमी करून घ्यायचा असेल तर ती घ्या.

प्रश्न : माझ्याकडे जुनी जीप आहे, सात इंची गोल हेडलाइट. चुलतभावाने अमेरिकेहून उत्तम कंपनीचे अख्खे एलईडी दिवे आणले. उजेड जबरदस्त. पण समोरचा प्रत्येक जण मला अप्पर मारतो. सेटिंग दोनदा केलं, फरक नाही.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सेटिंगने होणार नाही. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. मघाशी म्हटलं तशी डिप्परची कड एका बाजूला वर चढते, कडेचा माणूस, पाटी, बैल दिसावा म्हणून. आपल्याकडे ती डावीकडे चढते, तुमच्या दिव्यांत उजवीकडे. म्हणजे थेट समोरच्याच्या काचेत. खाली केलेत तर तुम्हालाच दिसणार नाही.

अख्खा दिवा बदलणं हा विचार बरोबर होता, नुसती एलईडी दांडी खुपसण्यापेक्षा शंभर पट बरा. फक्त डाव्या बाजूच्या रहदारीचा घ्या. युरोपीय मानकाच्या दिव्यावर गोलात ई असतो. तुम्ही दिव्याकडे तोंड करून उभे राहिलात आणि काचेवरचा बाण तुमच्या उजव्या हाताकडे असला, तर तो आपल्या कामाचा. बाणच नसेल तर तो उजव्या बाजूच्या रहदारीचा. भाऊ परत जाणार असेल तर त्याच्याचकडे परत पाठवा. काचेवर काळी चिकटपट्टी लावण्याचा सल्ला मिळेल, त्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : आजोबांची बजाज चेतक चालू केली. गाडी उभी असताना हेडलाइट विझायला येतो, रेस केली की उजळतो. मोठा बल्ब टाकू का?
— एक वाचक, आकुर्डी

उत्तर : आकुर्डीतच बनलेल्या गाडीबद्दल आकुर्डीहून विचारताय, छान. जुन्या चेतकचा दिवा बॅटरीवर नाही, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोवर चालतो. इंजिन हळू, तर वीज कमी. मोठा बल्ब टाकलात तर कॉइलला तो पेलणार नाही आणि आहे तोही उजेड जाईल. गाडी सहा व्होल्टची की बाराची ते आधी बघा, मूळ वॉटचाच बल्ब घाला आणि हेडलाइटच्या वाटीतलं अर्थिंग घासून घ्या. सिग्नलला थांबलात की थोडी रेस देत राहा, आजोबाही तेच करत असतील. विचारून बघा.