उद्यमनगरातल्या ऑफिसात १० डेस्कटॉप आहेत. रोज बंद केल्यानं ते लवकर खराब होतात का?

नाही, खराब होत नाहीत. संध्याकाळी शटर ओढण्याआधी दहाही खुशाल शट डाउन करा आणि जेवणाच्या सुट्टीसाठी, १० मिनिटं वापर नसला की मशीन आपोआप स्लीपमध्ये जाईल असं सेटिंग लावून ठेवा. कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या ऑफिसांत मी कॉम्प्युटरची देखभाल करतो, तिथं प्लगला मीटर लावून बघितलंय: काम न करता नुसता चालू असलेला साधा डेस्कटॉप मॉनिटरसकट ५०-६० वॅट खातो, स्लीपमध्ये जेमतेम २-३. म्हणजे ६० वॅटचे दहा, रात्रीचे १४ तास, रोज ८.४ युनिट वाया. स्क्रीनसेव्हरनं वीज वाचते, हा गैरसमज अजून बऱ्याच ठिकाणी दिसतो; तशी ती वाचत नाही. मात्र ज्या मशीनवर टॅलीचा डेटा आहे आणि रात्री बॅकअप चालतो, ते चालूच ठेवा. त्याचा फक्त मॉनिटर बंद करा.

आणि वीज वाचवायला म्हणून चांगली मशीनं भंगारात काढू नका, कृपा करून. नवीन कॉम्प्युटर बनवतानाच भरपूर ऊर्जा आणि खनिजं खर्च होतात. मशीन हळू चालत असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) घाला, रॅम (मेमरी) वाढवा. अगदीच निकामी झालं तर दारावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.