दर्जा गेला, पण कुपनं का जावीत?

एडिसन, न्यू जर्सीचे एक वाचक लिहितात: नोकरीपायी त्यांना दर आठवड्याला विमान गाठावं लागतं, तेही एकाच अमेरिकी कंपनीचं. नेहमीच्या प्रवाशांना जादा सवलती देणाऱ्या कंपनीच्या योजनेत त्यांचा कित्येक वर्षं गोल्ड दर्जा होता. आता दर्जा ठरवताना कंपनी प्रवासाचे मैल धरत नाही, खर्चलेले डॉलर धरते. तिकिटं स्वस्तातली, त्यामुळे दर्जा घसरला. शिवाय जूनपर्यंत मुदत असलेली दोन अपग्रेड कुपनंही (वरच्या वर्गाची सीट मिळवून देणारी) खात्यातून काढून टाकली. दावा लावता येईल का?

नमस्कार. दर्जाचा नाद सोडा, कुपनं मात्र सोडू नका.

पुढच्या वर्षीचा दर्जा कशावर द्यायचा, हे ठरवायचा हक्क या कंपन्या नियमांत स्वतःकडे राखून ठेवतात. डेल्टा या विमान कंपनीने 2024 पासून फक्त डॉलर धरायचं ठरवलं, तेव्हा प्रवासी इतके भडकले की महिन्याभरात काही अटी सैल कराव्या लागल्या. तो प्रवाशांचा रेटा होता. कोर्टात असं यश अवघड. 'नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग' खटल्यात तर एका प्लॅटिनम सदस्याचं सदस्यत्वच रद्द केलं होतं. कंपनीने सद्भावनेने वागायला हवं होतं, हा त्याचा दावा 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने 1978 च्या विमानसेवा नियंत्रणमुक्ती कायद्यावर (विमान कंपन्यांच्या दर-सेवांवर राज्यांचे कायदे चालू न देणाऱ्या) बोट ठेवून फेटाळला. मला हा निकाल प्रवाशांवर अन्याय करणारा वाटतो, पण तो डावलून सल्ला देता येत नाही.

कुपनं तुमच्या पदरात पडलेली होती. 'अमेरिकन एअरलाइन्स विरुद्ध वोलेन्स' खटल्यात आधीच कमावलेल्या मैलांवर मागाहून बंधनं घातल्याची तक्रार होती. कंपनीने स्वतः दिलेला शब्द मोडला तर करारभंगाचा दावा चालू शकतो, असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये सांगितलं. म्हणून कुपनं मिळाली त्या दिवशीचे नियम शोधा; वेबसाइटांची जुनी रूपं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर जुनी पानं बहुधा सापडतात. मुदतीची तारीख दिसणारी ईमेल जपून ठेवा. 'दर्जा गेला की कुपनं रद्द' असं तेव्हाच लिहिलेलं असेल, तर दाव्यात दम नाही.

तसं नसेल तर आधी कंपनीला लेखी तक्रार करा आणि अमेरिकेच्या परिवहन खात्याकडेही नोंदवा. लेखी तक्रारीला 60 दिवसांत उत्तर देणं कंपनीला बंधनकारक आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट, आहेच. न्यू जर्सीत 5,000 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो.

आणखी एक. भारतवारीची तिकिटं एजंटकडून घेतली होती का? घाऊक दरातल्या तिकिटांवर बऱ्याच कंपन्या दिलेली रक्कम न धरता अंतराच्या टक्केवारीने हिशेब करतात. पावत्या आणि खात्यातल्या नोंदी ताडून बघा. नियमापेक्षा कमी धरलेलं निघालं, तर दर्जाही परत मागता येईल.