लेंटमध्ये मटण सोडतो, पुढे काय? उपवासकाळासाठी स्वतःची साधना कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला अप-डाऊन करता, दर वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळात, मटण-चिकन सोडता, पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचं काही वाटेनासं होतं. यंदा स्वतःसाठी नेमकं काय निवडावं?

आधी मटणाचंच बघू. आपल्या बहुतेक घरांत मटण शिजतं रविवारी. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात 46. त्यातले सहा रविवार काढले की उरतात 40. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपासात धरत नाहीत. आता आठवडाभर तुमच्या ताटात एरवीही वरण-भात नि पोळी-भाजीच असेल, तर त्या 40 दिवसांत तुम्ही ताटातून काढलं काय? काही वाटेनासं होतं ते बहुधा यामुळेच. मटण जरूर सोडा, घरादाराची रीत आहे ती. पण तेवढ्यावर तुमची साधना झाली असं धरू नका.

निवडताना बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय समोर ठेवा. राखेच्या बुधवारी तोच वाचला जातो. त्यात दान, प्रार्थना आणि उपास ओळीने येतात. तिन्हींमधून एकेकच घ्या आणि तिन्ही एकमेकांना बांधा: उपासातून वाचलेला पैसा दानात, वाचलेला वेळ प्रार्थनेत. नुसतं सोडलं की रिकामी जागा उरते आणि पंधरा दिवसांत तिथे दुसरं काहीतरी येऊन बसतं. चहा सोडलेला माणूस बिस्किटांवर येतो तो असा.

उपासासाठी एकच कसोटी लावा: कोणती गोष्ट दोन दिवस मिळाली नाही तर माझी चिडचिड घरच्यांना सोसावी लागते? तीच निवडा. तुमच्या बाबतीत गाडीतला फोन असू शकतो, नाहीतर स्टेशनबाहेरचा वडापाव-चहा. संकल्प मोजता येईल असा हवा. 'फोन कमी वापरीन' याला काही अर्थ नाही. 'इगतपुरी सुटली की कसारा येईपर्यंत फोन बॅगेत, आणि रात्री साडेनऊला तो स्वयंपाकघरात चार्जिंगला' हे पाळलं की मोडलं ते रात्री एका शब्दात सांगता येतं. (घाटात नेटवर्क तसंही जातं, त्यामुळे सुरुवात सोपी होते.)

अन्नाच्या उपासाबद्दल आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. आजूबाजूच्या सवयीने आपणही उपास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी नि शेंगदाण्याचे लाडू काढतो. एकादशी अन् दुप्पट खाशी, तशातली गत. आपल्या उपासात कोणतं धान्य चालतं असा प्रश्नच नाही. किती खाल्लं आणि किती साधं खाल्लं, एवढंच बघायचं. कॅथलिक असाल तर राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस एक पोटभर जेवण आणि दोन हलकी खाणी, दोन्ही मिळून एका जेवणाइतकी होणार नाहीत अशी. हा नियम वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. मांस न खाण्याचा नियम 14 पूर्ण झाल्यापासून. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीत असाल तरी हे माप घ्यायला हरकत नाही. शुक्रवारी मासे चालतात खरे, पण पापलेट तळून खाण्यापेक्षा भाकरी-पिठलं त्या दिवसाला जास्त शोभतं, असं माझं मत. पाणी सोडू नका, मार्चचं ऊन विसरू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल, तर जेवण तोडूच नका; जेवणाची वेळ तशीच ठेवून चवीचं काहीतरी सोडा.

आता प्रार्थना. गाडीत बसून करता येईल असा एक बेत मला फार आवडतो. मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आणि लूकच्या शुभवर्तमानाचे 24, मिळून बरोबर 40. राखेच्या बुधवारी मार्क 1 ने सुरुवात करा, रविवार वगळून रोज एक. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, सोमवारी लूक 19 येतो, म्हणजे येशूचा येरुशलेममधला प्रवेश, झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी. गुरुवारी लूक 22, शेवटचं भोजन. गुड फ्रायडेला लूक 23, क्रूस. शनिवारी लूक 24 येतो, पुनरुत्थान. तो दिवसा वाचू नका, रात्रीच्या उपासनेनंतर वाचा. अडखळायची जागाही ठाऊक असू द्या: तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी लूक 1 येतो आणि त्याची वचनं आहेत 80. उत्साह ओसरलेला असतो तो नेमका याच आठवड्यात. जाताना 38 व्या वचनापर्यंत वाचा, उरलेला येताना. अख्खा अध्याय जड जात असेल तर बायबलच्या स्तोत्रसंहितेत पश्चात्तापाची सात स्तोत्रं आहेत: 6, 32, 38, 51, 102, 130, 143. वाराला एक. 130 वं तर आठच वचनांचं आहे.

परतीच्या गाडीत दहा मिनिटं आत्मपरीक्षण: आभार, पवित्र आत्म्याकडे प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा एक निश्चय. डुलकी लागत असेल तर वहीत दोन ओळी लिहा.

दानाचं गणित आधी मांडा. बाहेरच्या चहा-वडापावचे दिवसाला 40 रुपये धरले तर 40 दिवसांचे 1600. ते त्या त्या दिवशी घरातल्या डब्यात टाका, नोटच टाका. 'शेवटी एकदम ऑनलाइन देऊ' म्हणणाऱ्यांचं देणं राहून जातं. आणि रविवारचं मटण सोडलंच आहे, तर त्याचेही पैसे डब्यात गेले पाहिजेत. नाहीतर तो उपास घरखर्चाची काटकसर होऊन बसतो. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, 58 व्या अध्यायात, उपाशी माणसाला आपल्यातली भाकर वाटून देण्याची गोष्ट आहे, ती अक्षरशः घ्या.

संकल्पाला नवसाचं रूप देऊ नका. देवाला दिलेला नवस बांधून टाकतो आणि मोडला की माणूस भीतीने सगळंच सोडून देतो. संकल्प चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरता येतो. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुप्पटही करू नका. दोन अध्यायांचे चार होतात आणि शुक्रवारपर्यंत वही बंद पडते. चौथ्या रविवारी थांबून बघा: तिन्हींपैकी एखादं रोजच मोडत असेल तर ते निम्म्यावर आणा. रविवारी खाण्यापिण्याची सूट घेतलीत तरी प्रार्थनेची वेळ मोडू नका, सोमवारी पुन्हा बसणं जड जातं.

ऑफिसात सांगत फिरू नका, पण घरी बायको-नवऱ्याला आणि एकदा फादरांना किंवा पाळकसाहेबांना जरूर सांगा. राखेच्या बुधवारच्या आधी तीन दिवस हे सगळं करून बघा. 2027 साली तो 10 फेब्रुवारीला आहे, ईस्टर 28 मार्चला; म्हणजे चाचणी रविवारी 7 तारखेला सुरू होते. डबा मात्र आधीच आणून ठेवा, आणि पवित्र गुरुवारी तो कोणाकडे पोचवायचा ते घरच्यांनी मिळून आत्ताच ठरवा.